स्टील पल्स : हँड्सवर्थची ध्वनिमुद्रित बखर

इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरात हँड्सवर्थ नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आदी बेटांतून उदरनिर्वाहासाठी आलेल्या कुटुंबांची पुढली पिढी तेथे वाढली, आणि तिच्यातीलच डेव्हिड हाइंड्स, बेसिल गॅबिडन व रॉनी मॅक्वीन या शाळासोबत्यांनी १९७५ साली ‘स्टील पल्स’ हा रेगे वाद्यवृंद उभा केला. रास्ताफारी या जमैकन धर्मपंथावरील त्यांच्या निष्ठेमुळे स्वजातीयांच्या क्लबांनीही आरंभी त्यांना मज्जाव केला. तेव्हा त्यांना आसरा दिला तो गोऱ्या पंक वादकांच्या मैफलींनी आणि वंशद्वेषाविरुद्धच्या ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या चळवळीने.

रेगेच्या ठेक्याचे मर्म असे की, चार मात्रांच्या आवर्तनात जिथे आपला कान समेची वाट पाहतो ती पहिली मात्राच पुष्कळदा रिकामी सोडून ड्रमचे सारे वजन तिसऱ्या मात्रेवर टाकले जाते, आणि त्या सोडलेल्या अवकाशात बास गिटारची गंभीर चाल संचार करते. हा अवकाश राखणे हीच ध्वनिमुद्रकाची खरी कसोटी. आणि स्टील पल्सच्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास हा माझ्या मते त्याच अवकाशाचा इतिहास आहे.

आयलंड कंपनीशी करारनामा झाल्यावर १९७८ च्या ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’ची निर्मिती, आदल्याच वर्षी जमैकन रेगे गायक बॉब मार्लीच्या ‘एक्झोडस’चे ध्वनिमुद्रण सांभाळलेल्या कार्ल पिटरसनकडे सोपविण्यात आली. जमैकन ठेका आणि इंग्लंडात वाढलेल्या तरुणांची गुंतागुंतीची स्वररचना यांचा जो संगम त्याने साधला, त्यायोगे ही पहिलीच तबकडी ब्रिटनच्या विक्रीयादीत नवव्या क्रमांकावर पोहोचली, आणि त्याच वर्षी मार्लीच्या युरोप दौऱ्यात सहभागी होण्याचा मान मंडळींना लाभला. पुढल्या दोन तबकड्यांनंतर आयलंडशी संबंध तुटले. परंतु १९८२ साली, पुन्हा पिटरसनच्याच देखरेखीखाली, त्यांनी ‘ट्रू डेमॉक्रसी’ सिद्ध केली. मार्लीच्या निधनाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. शोक, श्रद्धा आणि राजकीय संताप यांपैकी एकही भाव दुसऱ्यावर अंमल गाजवीत नाही, एकही वाद्य अनाठायी वाजत नाही, अशी ही कृती त्यांच्या कर्तृत्वाचे शिखर होय, असे मी निःशंकपणे म्हणतो.

त्यानंतर अमेरिकन बाजारपेठेचा तगादा सुरू झाला. सिंथेसायझरच्या चकचकीत स्वरांनी तो मोकळा अवकाश भरून टाकला, आणि दैवाचा विपर्यास असा की, नेमक्या याच काळातील ‘बॅबिलॉन द बँडिट’ला १९८७ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, जमैकाबाहेरच्या वाद्यवृंदाला रेगेसाठी मिळालेला हा पहिलाच ग्रॅमी-सन्मान. १९८८ व १९९१ च्या तबकड्या त्याच वाटेने गेल्या. प्रत्यक्ष रंगमंचावर मात्र मंडळींचे तेज ओसरले नव्हते, याची रुजवात १९९२ साली पॅरिसच्या मैफलीत मुद्रित झालेल्या ‘रास्ताफारी सेंटेनियल’ने होते.

‘आफ्रिकन होलोकॉस्ट’ २००४ साली निघाली, आणि तिच्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी ‘मास मॅनिप्युलेशन’ प्रसिद्ध झाली. जुन्या मंडळींपैकी हाइंड्स आणि कीबोर्डवादक सेल्विन ब्राउन एवढेच उरले होते. मानवी तस्करी आणि पोलिसी गोळीबार यांसारखे विषय हाताळणाऱ्या या ध्वनिमुद्रिकेलाही ग्रॅमीचे नामांकन मिळाले. तीत पितळी वाद्यांची गर्दी पूर्वीपेक्षा अधिक आहे, तरी हाइंड्स यांच्या शब्दांतली धग १९७८ इतकीच प्रखर आहे, आणि बासला तिची हक्काची जागा बऱ्याच अंशी परत मिळाली आहे.