अखिल भारतीय हिरवळीचा परीघ

अलाहाबादला 1910 साली अखिल भारतीय टेनिस स्पर्धा सुरू झाली आणि ती हिरवळीवर रंगू लागली. तिच्या पहिल्या अडीच-तीन दशकांचा मागोवा घेताना मला वाटतं, की ‘अखिल भारतीय’ या बिरुदाला खरी मर्यादा घातली ती गवतानेच. हिरवळीचं कोर्ट राखायचं तर सपाट जमीन, रोजचं पाणी, रोलर आणि पगारी माळी हवा. ठाणे-कल्याणच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. इथे चार महिने धो धो पाऊस पडून मैदानाचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. रेल्वे 1853 साली ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली खरी, पण तिने रोज मुंबई गाठणाऱ्या कारकुनाला तिथलं कोर्ट थोडंच मिळणार होतं? बॉम्बे जिमखान्याचं सदस्यत्व तर तेव्हा फक्त युरोपियनांसाठीच होतं.

यावर कुणी म्हणेल, गुणवत्ता कुठूनही वर येतेच. 1921 साली डेव्हिस चषकात पहिल्यांदाच उतरलेल्या भारताने पॅरिसमध्ये फ्रान्सला 4-1 असं हरवलं नाही का? हरवलं, आणि त्या पराक्रमाचं मोल जराही कमी नाही. पण त्या संघातले सिडने जेकब आयसीएस अधिकारी होते, मोहम्मद स्लीम बॅरिस्टर. ते किती चांगले खेळत हे त्या विजयातून कळतं. निवड किती जणांतून झाली, हे कळत नाही. मातीच्या कोर्टवर शिकून पुढे जाता आलं असतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र गवतावर चेंडू खाली राहतो, झपकन सरकतो. मातीवर हात बसलेल्याला पायांची चाल आणि फटक्याची वेळ दोन्ही बदलावी लागतात, आणि त्यासाठी पुन्हा गवतच लागतं.

मग लीला राव? 1931 साली महिला एकेरीचं अखिल भारतीय विजेतेपद तिने पटकावलं, पुढेही अनेकदा. 1934 साली ग्लॅडिस साउथवेलला हरवून विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पहिला सेट गमावून तिने तो सामना खेचून आणला, ही जिद्द सर्वस्वी तिची. पण तिची आई पंडिता क्षमा राव म्हणजे शंकर पांडुरंग पंडितांची कन्या, संस्कृत कवयित्री आणि स्वतः टेनिसपटू. वडील मुंबईतले डॉक्टर. रॅकेट हाती घेणाऱ्या मुलीला त्या घरात कुणी अडवलं नाही, आणि कोर्टापर्यंत पोचण्याचं बळही त्या घराकडे होतं. तेवढीच उपजत चपळाई असलेल्या कल्याणच्या एखाद्या मुलीला यांतलं एकही मिळालं नसतं. म्हणून लीलाची कामगिरी मला दार सर्वांना उघडं असल्याचा पुरावा वाटत नाही. दार उघडलं की काय घडू शकतं, याचा तो पुरावा आहे.