हात मोकळे, मन गुंतलेलं

मंडळी, औंढ्यात व्याख्यान आणि रस्त्याचं नावही नाही, असं बरं दिसणार नाही. गावाला लागूनच द्रुतगती मार्ग जातो. तेव्हा आजचा विषय आहे गाडी चालवताना फोनवर बोलणं. यावर पोलीस बोलतात, आरटीओवाले बोलतात. तत्त्वज्ञानाचा मास्तर काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण अवधान, म्हणजे लक्ष, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि गाडी चालवणाऱ्याकडून आपण मागतो ते लक्षच.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८४ मध्ये, धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या व्याख्येत, हातात धरून वापरायच्या फोनचा स्पष्ट समावेश झाला. ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सवलत आली, की रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येईल, मात्र चालकाची एकाग्रता भंगता कामा नये. २०२४ पासून आपल्या द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा बसली आहे. वेग, सीटबेल्ट, हातातला फोन, सगळं ती टिपते. चांगलंच झालं. पण कॅमेऱ्याला दिसतो तो हात. कानात ब्लूटूथ घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, धंद्याचा हिशेब भांडत चाललेला माणूस त्याला आदर्श चालक दिसणार! लोकांनीही यातून सोयीचा अर्थ काढलाय : हात मोकळे असले की झालं.

खरंच झालं का? १९९७ साली कॅनडातल्या टोरोंटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिलं तपासली. कॉल कधी झाला आणि अपघात कधी झाला, हे ताडून पाहिलं. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हातात न धरता बोलायच्या फोनमुळे काही सुरक्षितता वाढल्याचं मात्र दिसलं नाही. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी प्रयोगशाळेत लोकांना गाडी चालवण्यासारखं काम दिलं. फोनवर बोलणाऱ्यांचे लाल सिग्नल जवळपास दुप्पट चुकले, आणि फोन हातात होता की नव्हता याने फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांचे तसे चुकले नाहीत. म्हणजे दोष आवाजाचा नाही, हाताचाही नाही. ऐकायचं, समजून घ्यायचं, उत्तर जुळवायचं, यात मन खर्ची पडतं.

आमच्या नैयायिकांना याचं नवल वाटलं नसतं. त्यांच्या मते मन अणूएवढं आहे. एका क्षणी ते एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. दोन ज्ञानं एकदम होत नाहीत, हीच मन असल्याची खूण. त्यावर आक्षेप घेणारे एक कुरकुरीत खाद्यपदार्थ पुढे करत. आपण चकली म्हणू. चकली खाताना तिचा कुरकुर आवाज, वास, चव, स्पर्श सगळं एकदम कळतं की! नैयायिक म्हणत, तसं वाटतं खरं, पण मन इतक्या झपाट्याने इकडून तिकडे जातं की मधली फट लक्षात येत नाही. पेटतं कोलीत गरगर फिरवलं की अखंड चक्र दिसतं, तसंच हे. आता ही फट चकली खाताना असली तर कुणाचं काही जात नाही. ताशी शंभर किलोमीटरने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते.

इथे एक जण हमखास उठून म्हणतो, 'सर, वीस वर्षं बोलत बोलत गाडी चालवतोय, काही झालं नाही. रस्ता मोकळा असला तरच मी बोलतो.' या 'मोकळा' शब्दापाशी आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

रस्ता मोकळा आहे म्हणजे काय? पुढे कुणी नाही. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कसं कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी यासाठी वेगळं प्रमाणच मानलं, अनुपलब्धी. शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण घड्याचं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर तो मला दिसला असता, एवढी माझी आणि त्या जागेची तयारी हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून 'घडा दिसला नाही, म्हणून नाही' म्हणता येत नाही. दिवा लावा, मग बोला.

फोनवर गुंतलेल्या चालकाचं तेच होतं. उजेड आहे, डोळे उघडे आहेत, काच स्वच्छ आहे, पण मन दुसरीकडे आहे. 'असतं तर दिसलं असतं' ही अटच तुटलेली. कुणी म्हणेल, डोळ्यांपुढची वस्तू कशी दिसणार नाही? १९९९ मध्ये सायमन्स आणि शॅब्री यांनी लोकांना चेंडूफेकीची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या कपड्यातले खेळाडू चेंडू किती वेळा देतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेषातलं एक माणूस त्यांच्यातून चालत गेलं, छाती बडवून गेलं. निम्म्याच्या आसपास लोकांना ते दिसलंच नाही! आणि न दिसल्याची त्यांना काही जाणीवही नव्हती. म्हणून वीस वर्षांचा तो दाखला आम्ही मानत नाही. वीस वर्षांत जे जे सुटलं ते सुटल्याचं कळलंच नसेल, तर ते हिशेबात येणार कुठून? आपल्या नजरेतून सुटलेल्या कितीतरी माणसांनी स्वतःच बाजूला होऊन आपल्याला वाचवलेलं असतं.

मग शेजारी बसलेल्याशी बोलणंही तेवढंच वाईट का? तितकं नाही. त्या युटाच्या अभ्यासकांनी नंतर हेही तपासलं. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. पुढे ट्रकने लेन बदलली की तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, कधी 'अहो, सांभाळा' म्हणतो. आपल्या बोरघाटातून रेल्वेगाड्या जातात. इंजिनातले दोघे सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात. तेही बोलणंच आहे, पण ते समोरच्या वाटेबद्दलचं. फोनवरच्या माणसाला तुमची वाट दिसत नाही. तुम्ही गप्प झालात तर तो 'हॅलो, हॅलो' करतो.

आणि फोनवर असतं कोण? बहुतेक वेळा घरचंच माणूस. 'कुठपर्यंत आलात? लोणावळा सोडलं का? जेवायला थांबायचं ना?' काळजीपोटी केलेला फोन हा. आपल्याकडे ही काळजीची रीतच झाली आहे. फोन केला नाही तर प्रेम नाही, उचलला नाही तर काहीतरी झालं असणार. दुसरा फोन मालकाचा. 'किती वेळ लागेल अजून? साहेब खोळंबलेत.' पगारी ड्रायव्हरने तो उचलला नाही तर संध्याकाळी बोलणी खायची. दंड मात्र होणार ड्रायव्हरला. कायद्याच्या लेखी एकच माणूस बोलत होता, असं दिसतं. बोलणं तर दोघांनी केलं. नीतीच्या हिशेबात फोन लावणाऱ्याच्या नावावर त्यातलं काहीच नाही, हे आम्हाला पटत नाही. समोरचा गाडी चालवतोय हे कळल्यावरही जो 'एक मिनिट, एवढंच सांगतो' म्हणतो, त्याने त्या मिनिटापुरतं ड्रायव्हरचं मन आपल्याकडे वळवून घेतलेलं असतं.

गंमत पाहा, पुण्याहून येणारी माणसं इथून पुढे गेली की म्हणतात, 'ठेवतो आता, घाट आला, रेंज जाईल.' आणि पलीकडचं माणूस लगेच, कुरकुर न करता, ठेवतं. कुणाला राग येत नाही, काळजी वाटत नाही. रेंज जाते म्हणून ठेवलेला फोन चालतो. गाडी चालवतोय म्हणून ठेवलेला मात्र तुटक वाटतो. हा सगळा सवयीचा भाग आहे. 'गाडीवर आहे' एवढं ऐकलं की पलीकडच्याने स्वतःच ठेवायचं, अशी सवय घराघरांत लागू शकते. मालकांना ती लावणं अवघड जाईल, हे आम्ही जाणून आहोत. तिथे गाडी निघण्याआधीच ठरवून घ्यावं लागेल, की फोन उचलला जाणार नाही, फूड मॉलला थांबल्यावर उलट फोन येईल.

नकाशाचं काय, असं मघाशी एका तरुणाने चिठ्ठीवर विचारलं आहे. निघण्यापूर्वी ठिकाण घालून ठेवा, फोन स्टँडवर लावा, तो बोलेल ते ऐका. बोटाने नकाशा सरकवणं मात्र गाडी उभी असतानाच. लोणावळ्याचा फाटा चुकला तर पुढच्या फाट्याला उतरा. दहा-वीस मिनिटं जास्त लागतील.