रेडिएटरमधले दोन लिटर आणि भास्कराचार्यांचं सोनं

मिनेसोटातला माझा पहिला हिवाळा. जुनी गाडी घेतली होती, आणि थंडी सुरू होण्याआधी कूलंट तपासून घे असं सगळेच सांगत होते. तपासलं तर त्यात ग्लायकॉल फक्त ३० टक्के, बाकी पाणी. असं मिश्रण उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठायला लागतं, आणि इथे एखाद्या रात्री पारा उणे २५च्याही खाली जातो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं. ते इंजिनच्या आत वाढलं तर लोखंडालाही तडा जातो. म्हणजे ५० टक्के करणं भाग होतं.

गाडीत एकूण १० लिटर कूलंट मावत होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला: ५० वजा ३० म्हणजे २० टक्के कमी, १० लिटरचे २० टक्के म्हणजे २ लिटर. दोन लिटर जुनं काढलं, दोन लिटर शुद्ध ग्लायकॉल ओतलं. खरं सांगा, तुम्हीही हेच केलं असतंत ना?

पुन्हा मोजलं तर ५०चा पत्ता नाही. मग कागद घेऊन बसलो आणि चूक सापडली. जे दोन लिटर मी काढून टाकले, ते काही नुसतं पाणी नव्हतं. त्यातही ३० टक्के, म्हणजे ०.६ लिटर ग्लायकॉल होतं. दोन लिटर आलं, ०.६ गेलं, खरी भर १.४ लिटरची. आधीचे ३ लिटर धरून झाले ४.४ लिटर, म्हणजे ४४ टक्के.

शाळेत मिश्रणाची उदाहरणं सोडवताना आपण सूत्र पाठ करायचो आणि नेमकी ही गोष्ट निसटायची: टक्क्यांची थेट बेरीज-वजाबाकी करायची नसते. बेरीज होते ती मूळ पदार्थाची. म्हणून आधी विचारायचं, शुद्ध माल किती लिटर आहे? किती काढायचं ते माहीत नाही, तर त्याला क्ष म्हणू. काढल्यावर जुनं मिश्रण उरतं (१० − क्ष) लिटर, आणि त्यात क्ष लिटर शुद्ध ग्लायकॉल पडतं. शेवटी ग्लायकॉल हवं ५ लिटर.

०.३ × (१० − क्ष) + क्ष = ५
३ + ०.७ क्ष = ५
क्ष = २ ÷ ०.७ = सुमारे २.८६ लिटर

तो ०.७ बघा. काढलेल्या प्रत्येक लिटरमागे पदरात पडतं ०.७ लिटरच, आणि माझ्या तोंडी हिशेबात नेमका तोच नव्हता. चूक दुरुस्त करायला ४४वरून पुन्हा समीकरण मांडलं तर आणखी १.०७ लिटर लागलं. म्हणजे एकूण ३.०७. पहिल्यांदाच कागद घेतला असता तर पाव लिटरच्या जवळपास ग्लायकॉल वाचलं असतं. (आणि काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.)

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळंच शुद्ध भरावं. गंमत अशी की शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७पर्यंत तग धरतं!

एक बारकावा सांगायला हवा. द्रवांचे लिटर अगदी काटेकोर जुळत नाहीत. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळलं तर १०० भरत नाही, ९६-९७च्या आसपास भरतं. रेडिएटरपुरतं हे सोडून दिलं तरी चालतं. वजनाचा हिशेब मात्र कधीच चुकत नाही, आणि सोनं वजनावरच विकलं जातं.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त सोन्याच्या मिश्रणाचं एक वेगळं प्रकरणच आहे. तिथे शुद्ध सोनं १६ वर्णाचं. १०, ४, २ आणि ४ मासे वजनाचे, अनुक्रमे १३, १२, ११ आणि १० वर्णाचे तुकडे एकत्र वितळवले तर वर्ण किती? वजन गुणिले वर्ण करून बेरीज घ्या: १३० + ४८ + २२ + ४० = २४०. एकूण वजन २० मासे, म्हणून वर्ण १२. पुढे ते विचारतात, हेच सोनं शुद्ध करताना १६ मासे उरलं तर? हीण गेलं, २४० तसेच राहिले, २४० ÷ १६ = १५.

आता तुमच्याकडचं घ्या. भारतातून आणलेल्या २२ कॅरेटच्या ९ ग्रॅमच्या बांगडीची इथल्या सोनाराकडून १८ कॅरेटची अंगठी आणि कानातलं करून घ्यायचं आहे. तो किती ग्रॅम दुसरा धातू मिसळेल?

२२ × ९ = १८ × (९ + क्ष)

क्ष येतो २. घट सोडली तर तयार दागिने ११ ग्रॅम भरायला हवेत. घ्यायला जाल तेव्हा काट्यावर नजर ठेवा.