मायच्या ओव्या आणि चाळीस पिनांची पट्टी

आमच्या घराच्या माडीवर गेली वीसेक वर्षे एक कॉम्प्युटर पांघरूण घेऊन बसला होता. पांघरूण म्हणजे मायच्या नऊवारी लुगड्याचा तुकडा. पिवळट पडलेला डबा, मागे कुबड आलेला मॉनिटर आणि दोन बटणे निखळलेला कीबोर्ड. दर दिवाळीला घर झाडताना ही पीडा भंगारात देण्याचा ठराव आमची मंडळी मांडत आणि दर दिवाळीला मी तो फेटाळून लावी. कारण एकच. त्याच्या पोटात मायच्या ओव्या होत्या.

मी बँकेतला माणूस. आमच्या जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणतात. त्या पाळण्यातल्या बियाण्यांच्या, लोखंडाच्या आणि मोसंबीच्या व्यापाऱ्यांची खाती सांभाळण्यात माझी उमर गेली. १९८३ साली बँकांतल्या यांत्रिकीकरणाबाबत कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीने अहवाल दिला आणि यथावकाश आमच्या शाखेतही लेजर पोस्टिंगची मशीने आली. निम्मी शाखा त्यांच्याकडे घरात शिरलेल्या सापासारखी पाहत होती. मी मात्र त्यांच्या प्रेमात पडलो. रोज संध्याकाळी बॅकअपची फ्लॉपी शाखेबाहेर न्यावी लागे, ते काम मी हौसेने मागून घेतले.

१९९५ साली मी एक वापरलेला ४८६ कॉम्प्युटर घेतला. त्यात जिस्ट कार्ड होते. आजच्या मुलांना हे सांगावे लागेल. तेव्हाचा डॉस आपणहून देवनागरी जाणत नसे. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले हे जिस्ट तंत्र कार्डाच्या रूपाने यंत्रात बसवले, की पडद्यावर देवनागरी उमटे. पहिल्यांदा ‘श्री’ उमटला तेव्हा मी खालच्या मजल्यावरून मायला हाताला धरून वर आणले होते. ती म्हणाली, “दिव्याचं अक्षर हाय. वीज गेली की जाईल.” आमच्याकडची वीज पाहता ते काही खोटे नव्हते.

मायला ओव्या तोंडपाठ होत्या म्हणणे चूक ठरेल. त्या तिच्या हातात होत्या. नुसती बसवून ‘सांग’ म्हटले तर दोन-तीन ओव्यांनंतर ती अडे. जात्याचा खुंटा धरला, पसाभर ज्वारी टाकली, की मग एकीतून एक निघत जाई. दोन वर्षे रविवारच्या रविवारी मी वहीत टिपून घेतल्या आणि रात्री यंत्रावर चढवल्या. अकरा फायली, तीनशे चाळीस ओव्या. अशी ओढ मला एकट्याला लागली होती असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्याला राहून महाराष्ट्रभरच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल या फ्रेंच अभ्यासकाने त्यांचा माहितीसंच कॉम्प्युटरवर बांधला. तो ठेवा गुडगाव, फ्रान्स असा फिरून आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांना ऐकता येतो. माझा आपला एका घरापुरता हिशेब.

१९९९ साली माय गेली. वही वाळवीने खाल्ली. फ्लॉप्यांवर बुरशी चढली. मी नोकरी, बदल्या, कादंबऱ्या यांत बुडालो आणि ‘कॉम्प्युटरमध्ये आहेत’ या भरवशावर राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या, स्वतःची ठेव एकाच पेटीत ठेवून किल्लीकडे पाहिले नाही.

गेल्या दिवाळीत पांघरूण काढून बटण दाबले. पंखा फिरला, मॉनिटर उजळला आणि पडद्यावर ओळ आली, की हार्ड डिस्क सापडत नाही.

भाऊबीजेला भाचा आला होता. वाळूजच्या कारखान्यात तो जुन्या सीएनसी यंत्रांची निगा राखतो. त्याने कान लावून ऐकले आणि म्हणाला, “मामा, चकतीच फिरत नाही. बहुतेक चिकटलीय.” मग त्याने मला समजावले ते असे. हार्ड डिस्कच्या पोटात गुळगुळीत चकत्या असतात. त्या काळच्या अनेक डिस्कांत त्या मिनिटाला ३६०० फेरे घेत आणि वाचणारी सुई त्यांच्यावरून, केसाहूनही कितीतरी पातळ अशा हवेच्या थरावर तरंगत जाई. वर्षानुवर्षे बंद राहिले की कधी सुई चकतीला चिकटते, कधी वंगण सुकते. अशा डिस्का आता कोणी बनवत नाही आणि जुन्या मिळाल्या तरी त्याही तितक्याच म्हाताऱ्या.

“मग?”

“मग एसडी कार्ड.”

मोबाइलमध्ये नि कॅमेऱ्यात घालतो तेच! मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पण यात जादू काही नाही. यंत्राला डिस्कचे तोंड दिसत नाही, तिच्याशी बोलणे होते ते चाळीस पिनांच्या चपट्या पट्टीतून. अमुक जागचा मजकूर दे, तमुक जागी हा ठेव, एवढाच तो संवाद. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नीट उत्तर देणारा कोणी बसला, की मदरबोर्डाला पुरे. १९९४ साली सॅनडिस्कने आणलेले कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड ही भाषा जन्मतःच जाणत होते. १९९९ साली सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता यांनी मिळून जाहीर केलेले एसडी कार्ड वेगळी भाषा बोलते. म्हणून मध्ये बोटभर लांबीचा एक अडॅप्टर लागतो. त्यावरची चिप दुभाष्याचे काम करते. किंमत काही शे रुपये.

भाच्याच्या कारखान्यात याचीच चुलत बहीण नांदते. जुन्या यंत्रांची फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिथे पेन ड्राइव्ह घेणारी डबी बसवतात. यंत्राला वाटते फ्लॉपीच आहे. सोनीने २०११ साली जपानात फ्लॉपीची विक्री थांबवल्यावर दुसरे करणार तरी काय? आणि आपणच मागासलेले असे समजू नका. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या संदेशयंत्रणेतून आठ इंची फ्लॉप्या निघाल्या त्या २०१९ साली.

पण आधी जुन्या डिस्कमधला ऐवज बाहेर यायला हवा होता. भाच्याने ती हातात आडवी धरली आणि वीज सुरू होताच मनगटाने एक हलका हिसका दिला. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा घरघर सुरू झाली, थेट जात्यासारखी. (हा प्रयोग कोणी करू नये. सुई चकतीवर घासली तर उरलेसुरलेही जाते. ऐवज मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच जावे. मला धीर नव्हता, एवढेच.) मग एकाच पट्टीवर डिस्क मालक आणि कार्ड चाकर अशी जोडणी झाली. इंग्रजीत त्यांना खरोखरच मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. कार्ड दोन जीबीचे, बाजारात त्याहून लहान मिळाले नाही. पण या यंत्राच्या वडिलोपार्जित गणितात ५०४ एमबीच्या पलीकडे जगच नाही. तेवढे त्याने पाहिले, बाकी कार्ड पडीक राहिले.

मदरबोर्डावरच्या जुन्या बॅटरीतून पाझरलेला हिरवट थरही काढावा लागला. ते क्षार असल्यामुळे लिंबाचा रस चालतो, असे भाचा म्हणाला. मोसंबी चालेल का, हा माझा प्रश्न त्याने जालनेकराची थट्टा म्हणून सोडून दिला.

नकल सुरू झाली. एक, दोन, तीन फायली. सातव्या फायलीला पडदा थांबला आणि जुना ओळखीचा प्रश्न आला: ॲबॉर्ट, रीट्राय, फेल? आम्ही पंचवीस वेळा रीट्राय केले. शेवटी ‘फेल’ दाबताना माझा हात थरथरला, हे सांगायला लाज वाटत नाही. बाकीच्या दहा फायली आल्या. दोन दिवसांनी डिस्क कायमची गप्प झाली. तिच्या जागी आता कार्ड आहे. यंत्र आवाज न करता उठते, आणि ती शांतता मला अजून सवयीची झालेली नाही.

कार्डाचा खरा उपयोग पुढे कळला. ते काढून भाच्याच्या लॅपटॉपमध्ये घातले, तर फायली दिसल्या. फ्लॉपी नको, केबल नको. फाइल उघडली आणि पडद्यावर आली फ्रेंच-जर्मन अक्षरांची भेळ.

आमच्या भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे क्षेत्र आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ज्याच्यापाशी किल्ली नाही त्याला ती पोथी म्हणजे नुसत्या रेघोट्या. बाहेरच्या अभ्यासकांना ती किल्ली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली. नव्वदच्या दशकातले आपले निम्मे मराठी आज असेच सकळ लिपीत पडले आहे. छापखान्यांनी, संस्थांनी, कवींनी ज्याच्या त्याच्या फाँटात लिहिले. फाँट गेला, अक्षर गेले. माझे नशीब, की जिस्टमध्ये फाँट कोणताही असला तरी आत इस्की नावाचा प्रमाण संकेत होता. पुढे युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच बेतली. तेव्हा भाच्याने एक साधा तक्ता केला आणि भेळेतून मायचे शब्द वर आले.

आता यंत्र भंगारात द्यायला हरकत नाही, असे मंडळींनी सुचवून पाहिले. पण बँकेत संध्याकाळी टॅली केल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. शेजारी शेजारी दोन पडदे ठेवून मी एकेक ओवी ताडून पाहायला बसलो. चौथ्याच फायलीत माय ‘दर्या’ ओलांडून माहेरी निघाली होती. माझ्या मायने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही! जुन्या पडद्यावर पाहिले तर तिथे होत्या ‘दऱ्या’. तक्त्याने ‘ऱ’चा साधा ‘र’ करून टाकला होता. अशा छत्तीस चुका निघाल्या. ते ४८६ जिवंत नसते तर माझ्या नातवंडांनी आजीला खुशाल बोटीत बसवले असते.

हे कार्डही अमर नाही. त्याच्यातला विजेचा भार वर्षे गेली की झिरपतो, आणि ते जाते तेव्हा घरघर करून बजावतही नाही. म्हणून तीन नकला केल्या आहेत, एक भाच्याकडे वाळूजला, एक माझ्याकडे, एक कागदावर छापून. नव्या कार्डावर नकल करण्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

राहिली सातवी फाइल. विषयसूचीत तिच्यापुढे लिहिले होते: मुऱ्हाळी, एकतीस ओव्या. बहिणीला न्यायला येणाऱ्या भावाच्या! मी आक्काला, म्हणजे भाच्याच्या आईला, अंबड तालुक्यात फोन लावला. ती म्हणाली, “आरं, अशा कशा येतील? जातं कुठंय?”

जाते आमच्या मागच्या अंगणात तुळशीजवळ पालथे पडले होते. ते धुऊन आम्ही गाडीत घातले आणि तिच्याकडे नेले. आक्काने पदर खोचला, खुंटा ठोकून घट्ट केला, ज्वारी टाकली. भाच्याने मोबाइल समोर ठेवला. पायलीभर दळण होईपर्यंत तीस ओव्या आल्या, त्यांतल्या चार मायच्या तोंडून मी कधी ऐकल्या नव्हत्या. मग ती थांबली, हात झटकले आणि पीठ भरू लागली. बाकीच्या, म्हणाली, पुढच्या दळणाला.