काखेतल्या ग्रंथींचं भाकीत

स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, काख चाचपली तर हाताला काही लागत नाही. तरीही शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न उरतोच: कर्करोगाच्या पेशी काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचल्या असतील का? पायाची जखम चिघळली की जांघेत अवधान येतं, ते अशाच ग्रंथी सुजल्यामुळे. स्तनातली लस मुख्यतः काखेकडे वाहते, म्हणून गाठीतून सुटलेल्या पेशी बहुधा आधी तिथेच अडकतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी अंदाज बांधण्याच्या भानगडीत न पडता स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकसंध काढायला सुरुवात केली. ही पद्धत कित्येक दशकं चालली. तिला खरा हादरा दिला अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘बी-०४’ चाचणीत, काख चाचपून निर्दोष वाटलेल्या ज्या बायकांच्या ग्रंथी काढल्या, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांच्या ग्रंथींत रोग निघाला. डॉक्टरांच्या बोटांचा अंदाज इतका चुकत होता! पण ज्यांच्या ग्रंथींना हातच लावला नाही, त्यांच्यापैकी पुढे काखेत रोग दिसला तो १८ टक्क्यांच्या आसपास बायकांना, आणि तेव्हा तो काढला गेला. २५ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. या विषयातला सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष मला हाच वाटतो. ग्रंथी काढून मुख्यतः मिळत होती ती माहिती, आणि तिची किंमत त्या बाईचा हात मोजत होता.

लसीचा मार्ग तुटला की हात सुजतो. काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी. नेहमीच्या बांगड्या चढेनाशा होतात, ब्लाउजची एकच बाही उसवून रुंद करावी लागते, भरलेली कळशी उचलताना हात जड पडतो. फिजिओथेरपिस्ट टेप घेऊन दोन्ही हातांचे घेर मोजत राहतात. २०१४ च्या ‘अमारोस’ चाचणीत ग्रंथी काढलेल्या बायकांपैकी २३ टक्क्यांना पाच वर्षांनीही ही सूज होती. त्याऐवजी काखेला रेडिएशन दिलेल्यांमध्ये ११ टक्क्यांना.

म्हणून १९९० च्या दशकात पहारेकरी ग्रंथीची, म्हणजे स्तनातली लस सर्वांत आधी जिथे पोचते त्या सेंटिनल नोडची कल्पना इतकी मोठी ठरली. डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि अरमांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरून ती स्तनकर्करोगात आणली. स्तनात रंग टोचून काही मिनिटं चोळतात, काखेत छोटा छेद घेतात, निळी झालेली लसवाहिनी शोधत त्या पहिल्या ग्रंथीपर्यंत जातात. ती निर्दोष निघाली तर बाकीच्या ग्रंथी राखल्या जातात. २०११ मध्ये जुलियानो यांच्याच ‘झेड-००११’ चाचणीने पुढचं पाऊल टाकलं: स्तन वाचवून पुढे रेडिएशन घेणाऱ्या बाईच्या एक-दोन पहारेकरी ग्रंथींत रोग असला, तरी उरलेल्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही.

मग शस्त्रक्रियेआधीच भाकीत करता येईल का? गाठीचा आकार, तिची ग्रेड, बायोप्सीत लसवाहिन्यांमध्ये दिसलेल्या पेशी, बाईचं वय, या सगळ्यांतून संभाव्यता काढणारे तक्ते बनले आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचा तक्ता सर्वांत प्रसिद्ध. मला मात्र सोनोग्राफी अधिक भरवशाची वाटते. निरोगी ग्रंथी वालाच्या दाण्यासारखी दिसते, काळसर कड आणि मधे पांढुरकी चरबी. कड तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाली किंवा मधली चरबी नाहीशी झाली की संशय घ्यायचा आणि सुईने नमुना काढायचा. दोन मिलिमीटरहून बारीक रोग मात्र सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. मॅमोग्राफी आणि एमआरआयच्या प्रतिमांवरून अंदाज बांधणारे संगणकीय कार्यक्रमही आता आले आहेत. पण ज्या बायकांच्या नोंदींवर ते घडले त्या वेगळ्या असतील, तर आपल्याकडच्या बायकांवर ते आधी पारखून घ्यायलाच हवेत.

मिलानहून पुढे आलेल्या ‘साउंड’ चाचणीने २०२३ मध्ये पहारेकरी ग्रंथी काढून पाहण्याची गरजच तपासली. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ, सोनोग्राफीत निर्दोष काख. ज्यांची ग्रंथी तपासली त्यांच्यापैकी १३.७ टक्क्यांत रोग सापडला. तरीही पाच वर्षांनी दूरच्या अवयवांत रोग न पसरलेल्यांचं प्रमाण तपासलेल्यांत ९७.७ आणि न तपासलेल्यांत ९८ टक्के होतं. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ‘इन्सेमा’ चाचणीचा कौलही २०२४ मध्ये त्याच दिशेने पडला.

हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे उचलण्याची घाई नको. ‘साउंड’मधल्या बायकांचं मध्यक वय ६० होतं, भारतात हा रोग सरासरी दशकभर आधी गाठतो. ‘आरएक्सपॉन्डर’ चाचणीत एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्या, पाळी चालू असणाऱ्या बायकांना केमोथेरपीचा फायदा दिसला. पाळी गेलेल्यांना नाही. म्हणजे चाळिशीतल्या बाईसाठी काखेतली माहिती आजही उपचार बदलू शकते. आणि निष्णात सोनोग्राफी हाताशी नसेल, तर ‘काख निर्दोष’ या शब्दांना तेवढं वजन उरत नाही.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वाणी परमार, राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी वाट तपासली आहे: काखेच्या खालच्या भागातली, पहिल्या इंटरकॉस्टोब्रेकियल मज्जातंतूखालची चरबी आणि तिच्यातल्या ग्रंथी तेवढ्याच काढायच्या. ही पद्धत पहारेकरी ग्रंथीच्या तपासणीच्या तोडीची ठरली. तिला किरणोत्सारी द्रव्य लागत नाही की ते हुडकणारा गॅमा प्रोब लागत नाही. काखेची रचना नीट ठाऊक असलेला सर्जन आणि भरवशाचा पॅथॉलॉजिस्ट मात्र लागतो.