लहान अभिजात कॅथलिक हायस्कूल निवडताना

अमेरिकेतील अभिजात कॅथलिक हायस्कुलांचा पाया ‘ट्रिव्हियम’, म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांचा मध्ययुगीन क्रम, हा असून, १९४७ साली इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात त्याचा पुरस्कार केल्यानंतर काही दशकांनी ही पद्धती अमेरिकेत पुन्हा रुजली. २००८ साली मिनेसोटात स्थापन झालेल्या चेस्टरटन अकादमीसारख्या शाळांत लॅटिन, तत्त्वज्ञान, मूळ ग्रंथांचे वाचन आणि नित्य मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासना, यांना मध्यवर्ती स्थान असते; मात्र विद्यार्थिसंख्या मर्यादित असल्याने अशा शाळांत प्रयोगशाळा, क्रीडासंघ व वैकल्पिक विषय कमी असू शकतात. म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी वर्गातील चर्चा प्रत्यक्ष ऐकावी, गणित-विज्ञानाचा अभ्यासक्रम, शाळेची मान्यता आणि शुल्क तपासावे व अंतिम निर्णयात पाल्याचे मत अवश्य विचारात घ्यावे.