उन्हाळ्यात यीस्ट काय करतं?

मार्च-एप्रिलात मेळघाटात मोहाची फुलं गळतात. ती भिजत घातली की यीस्ट त्यांतल्या साखरेवर तुटून पडतं. ऊन वाढत असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तर त्याची आता फारशी बातमीही होत नाही. यीस्टला मात्र ३० अंशांच्या आसपासच मानवतं. चाळिशीकडे जाताना त्याच्या पेशीतली प्रथिनं उसवू लागतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि घडी नीट पडली तरच ती कामाची. घडी मोडली की पाण्याशी न जमणारे आतले भाग उघडे पडतात, प्रथिनं एकमेकांना चिकटतात, गोळे होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो तो असाच. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही म्हणतात, पण यीस्ट त्याच्या बरंच जवळ जातं! ‘एचएसपी १०४’ नावाचं प्रथिन गोळ्यातून एकेक साखळी ओढून मोकळी करतं आणि मदतनीस प्रथिनं तिची घडी पुन्हा बसवतात. प्राण्यांच्या उत्क्रांतीत हे प्रथिन गळून गेलं, आपल्याकडेही ते नाही. हा तोटाच म्हणायचा.

जे सुधारत नाही त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं यंत्र त्याचे तुकडे करतं. मोठा कचरा रिक्तिका या पेशीतल्या पिशवीत जाऊन पचतो. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी १९९२ मध्ये उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये पेशीतला माल असा रिक्तिकेत जाताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला; २०१६ चं नोबेल त्यांना या कामासाठीच मिळालं. तरीही काही गोळे उरतातच. यीस्टला कळी फुटून नवी पेशी होते तेव्हा ते बहुतांशी आईकडेच राहतात आणि लेक स्वच्छ निघते. आई मात्र २०-२५ कळ्यांनंतर थकून मरते.

मोहाच्या भांड्यात यीस्टवर दुसरं संकट ते स्वतःच आणतं. त्यानेच बनवलेलं अल्कोहोल साठत जातं आणि तेही पेशीचं आवरण नि प्रथिनं बिघडवतं. म्हणून उन्हात कामी येणारी बरीचशी यंत्रणा इथेही जागी होते.

बाहेरून आलेल्या विषाची तऱ्हा वेगळी. कॅडमियमसारखा धातू ग्लुटाथिओन या पेशीतल्या छोट्या रेणूला बांधून रिक्तिकेत कोंडला जातो. इतर अनेक विषारी रेणू ‘पीडीआर ५’ हा आवरणातला पंप बाहेर फेकतो. कॅन्डिडा या रोगकारक यीस्टमध्ये याच घराण्यातले पंप असतात. ते जास्त प्रमाणात तयार झाले, की फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध पेशीत शिरतं खरं, पण काम करण्याआधीच बाहेर पडतं.